तलावाच्या तळाचा नकाशा: परवडणारं खोलीमापक कसं जुळवायचं

प्रश्न थोडक्यात असा: साधारण १२ हेक्टरचा, जास्तीत जास्त १० मीटर खोल तलाव आहे. त्याच्या तळाचा नकाशा करायचा आहे आणि पाणीसाठाही काढायचा आहे. तयार सर्वेक्षण यंत्र आवाक्याबाहेरचं आहे. गाडीच्या पार्किंग सेन्सरसारखा दिसणारा ‘जलरोधक’ अल्ट्रासॉनिक सेन्सर आर्डुइनो या छोट्या प्रोग्रामेबल बोर्डाला जोडून पाहिला. पाण्याच्या वर धरला की आकडे बरोबर येतात, आत बुडवला की वाटेल ते दिसतं. मग कुठला सेन्सर घ्यावा आणि बाकी काय काय लागेल?

तो सेन्सर बाजूला ठेवा. जेएसएन-एसआर०४टी नावाने मिळणारा हा प्रकार ४० किलोहर्ट्झवर हवेत चालण्यासाठी बनवलेला असतो. ‘जलरोधक’ म्हणजे पाऊस, चिखल अंगावर उडाला तरी खराब होत नाही, एवढाच अर्थ. त्याची पातळ चकती हवा हलवायला जुळवलेली असते, त्यामुळे पाण्यात ऊर्जा नीट उतरत नाही. शिवाय पल्स सोडल्यावर चकती काही काळ थरथरत राहते आणि तेवढा वेळ सेन्सर बहिरा असतो. हवेत हे २०-२५ सेंटिमीटरचं आंधळं अंतर. पाण्यात ध्वनी सव्वाचार पटीहून जास्त वेगाने जातो, म्हणून तेच अंतर एक मीटरच्या आसपास जातं. आकड्याला ४.३५ ने गुणून पाहणारे बरेच जण भेटतात. गुणाकार बरोबर असतो, पण गुणायला खरा प्रतिध्वनीच आलेला नसतो.

पैसे वाचवायचे असतील तर इतर ठिकाणी वाचवा, ट्रान्सड्यूसरवर (ध्वनी सोडणारा आणि प्रतिध्वनी ऐकणारा भाग) नको. पाण्यासाठीच बनवलेला, सुमारे २०० किलोहर्ट्झचा, शक्य तितका अरुंद झोत असलेला घ्या. मार्ग तीन आहेत.

पहिला, मासे शोधायचं जुनं किंवा वापरलेलं फिशफाइंडर, ज्यात जीपीएस आहे आणि मेमरी कार्डावर सोनारची (ध्वनीने खोली मोजणारी यंत्रणा) नोंद करायची सोय आहे. ‘यंत्र बनवण्याची’ हौस नसेल आणि फक्त नकाशा हवा असेल तर हाच सर्वांत स्वस्त आणि कमी कटकटीचा रस्ता. लॉरन्स कंपनीच्या उपकरणांची एसएल२ प्रकारची फाइल वाचणारी मोफत साधनं आहेत. फक्त एक मेख लक्षात ठेवा: त्या फाइलमध्ये खोली फुटांत असते आणि स्थान मर्केटर नकाशा-प्रक्षेपाच्या मीटरमध्ये असतं, तेही पृथ्वीची ध्रुवीय त्रिज्या (६३,५६,७५२ मीटर) धरून. ऑनलाइन नकाशांचं नेहमीचं वेब मर्केटर समजून उघडलं तर सगळे मार्ग तलावाबाहेर सरकलेले दिसतात आणि माणूस जीपीएसला दोष देत बसतो.

दुसरा, एनएमईए ०१८३ पद्धतीने (बोटीवरची उपकरणं आकडे मजकुराच्या ओळींत, म्हणजे ‘वाक्यांत’, पाठवतात ती प्रमाण पद्धत) खोली बाहेर पाठवणारा ट्रान्सड्यूसर किंवा इकोसाउंडर, आणि त्याची नोंद ठेवणारा स्वतः बनवलेला लॉगर. पुढचं बहुतेक लिखाण याबद्दल आहे, कारण कच्चा डेटा पूर्ण आपल्या हातात राहतो.

तिसरा, पाण्याखालच्या रोबोंसाठी मिळणारे छोटे सिरियल सोनार. वापरायला सोपे, पण बऱ्याच वेळा झोत २५ ते ३० अंशांचा. सपाट तळाला चालतात, उतारावर फसवतात.

झोताचा कोन एवढा महत्त्वाचा का, ते आकड्यांत पाहू. २० अंशांचा झोत १० मीटर खोलीवर साडेतीन मीटर व्यासाचं वर्तुळ व्यापतो, १० अंशांचा पावणेदोन मीटर. यंत्र त्या वर्तुळातला सर्वांत जवळचा बिंदू ‘खोली’ म्हणून सांगतं. तळाला १५ अंशांचा उतार असेल तर २० अंशांच्या झोतात १० मीटरच्या जागी सुमारे ९.७ मीटर येतात. ही चूक कायम एकाच दिशेची असते: उतार उथळ दिसतात, अरुंद खड्डे भरून निघतात. नंतर कुठलंही सॉफ्टवेअर ते परत खणून देत नाही.

आता लॉगर. ईएसपी३२ बोर्ड (आर्डुइनोसारखाच), मायक्रोएसडी कार्डाचं ३.३ व्होल्टचं मॉड्यूल, यू-ब्लॉक्स कंपनीच्या एम८ किंवा त्यानंतरच्या पिढीचं जीपीएस मॉड्यूल, सिग्नलची पातळी बदलणारी एक चिप, १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, २ अँपिअरचा फ्यूज, आणि केबल ग्लँड बसवलेली आयपी६७ दर्जाची (पाणी-धूळ आत न जाणारी) पेटी. एवढ्यात काम होतं. पडदा नसलेली जुळणी अर्ध्या अँपिअरच्या आतच खाते, त्यामुळे दिवसभराचं काम एका चार्जिंगवर निघतं.

इकोसाउंडरची तार थेट ईएसपी३२ च्या पिनला लावू नका. एनएमईए ०१८३ च्या नावाखाली बाजारात वेगवेगळ्या विद्युत पातळ्या सापडतात. काही उपकरणं दोन तारांवर आरएस-४२२ देतात, काही आरएस-२३२. सोनार चालू ठेवून, वाक्यांच्या मधल्या शांततेत मीटरने तार आणि ग्राउंडमधला व्होल्टेज पाहा. ठळक उणे व्होल्टेज आलं तर आरएस-२३२, मग मॅक्स३२३२ चिप लागेल. दोन तारांची जोडी असेल तर मॅक्स३४८५ घ्या. सहज मिळणारं मॅक्स४८५ मॉड्यूल ५ व्होल्टवर चालतं आणि बाहेरही ५ व्होल्टच देतं. ईएसपी३२ ला ते झेपणारं नाही. वेग ४८०० बॉड (सेकंदाला तेवढे बिट). अक्षरांऐवजी कचरा येत असेल तर बॉड चुकलाय किंवा दोन तारा उलट लागल्यात, तिसरं कारण क्वचितच असतं.

वाक्यं तीन कामाची. डीबीटी खोली फूट, मीटर आणि फॅदम अशी तिन्ही एककांत देतं: ७.९ फूट, २.४ मीटर, १.३ फॅदम असं एकाच ओळीत. घाईत पहिला आकडा उचलला की तलाव तिप्पट खोल होतो. डीपीटी मीटरमध्ये खोली आणि सोबत ऑफसेट (खोलीत मिळवायची ठरावीक दुरुस्ती) देतं. एमटीडब्ल्यू पाण्याचं तापमान सांगतं. प्रत्येक वाक्याच्या शेवटी चेकसम (ओळ बिनचूक पोहोचली का ते पडताळणारा आकडा) असतो. जुळला नाही तर ओळ खुशाल टाकून द्या. उपकरणातली ऑफसेटची सेटिंग शून्यावर ठेवा आणि दुरुस्ती नंतर संगणकावर करा. दोन ठिकाणी मिळवलेला ऑफसेट ही नेहमीची चूक आहे, आणि नकाशा सुंदर दिसत असल्यामुळे ती सापडतही नाही.

जीपीएसचा वेग ४८०० वर सोडू नका. त्या वेगाने सेकंदाला ४८० अक्षरं जातात, म्हणजे ८० अक्षरांच्या एका वाक्यालाच सेकंदाचा सहावा भाग. मॉड्यूल ३८४०० किंवा ११५२०० वर न्या, नको ती वाक्यं बंद करा, सेकंदाला ५ स्थानं घ्या. यू-ब्लॉक्समध्ये ‘सी’ (Sea) नावाचं गतीचं मॉडेल दिसेल, नावावरून मोह होतो; पण ते समुद्रासाठी आहे आणि त्याला ५०० मीटर उंचीची मर्यादा आहे. उंचावरच्या तलावावर ते गोंधळ घालतं. मुळातलं ‘पोर्टेबल’ पुरेसं आहे. साध्या जीपीएसची दोन-अडीच मीटरची चूक २० मीटर अंतराच्या रेषांसाठी चालून जाते. आरटीकेचा (स्थिर केंद्राच्या मदतीने जीपीएस दुरुस्त करायची पद्धत) सेंटिमीटरी अचूकपणा मोहक आहे खरा, पण झोताचंच वर्तुळ दोन-तीन मीटरचं असताना आडव्या दिशेने त्याचा फारसा फायदा नाही.

कार्डावर लिहिताना फाइल दर पाच सेकंदांनी फ्लश करा (मेमरीतलं कार्डावर उतरवा) आणि प्रत्येक वेळी सुरू करताना नवी फाइल उघडा. लिहिताना कार्ड अचानक जास्त करंट ओढतं. बोर्ड अधूनमधून आपोआप रीसेट होत असेल तर कार्डाच्या पायांजवळ १०० ते ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून पाहा. बऱ्याचदा आजार तेवढाच असतो.

विद्युत गोंगाटाकडे मात्र दुर्लक्ष करू नका. १२ चे ५ व्होल्ट करणारे स्वस्त बक कन्व्हर्टर शेकडो किलोहर्ट्झच्या पट्ट्यात स्विच होतात (एलएम२५९६ या चिपचं ठरलेलं १५० किलोहर्ट्झ), आणि आपला सोनार ऐकतो २०० किलोहर्ट्झच्या आसपास. सोनारला वीज थेट बॅटरीवरून द्या. कन्व्हर्टर फक्त लॉगरसाठी ठेवा आणि त्याच्या तारांवर फेराइट (गोंगाट अडवणारं कडं) चढवा. मोटारीच्या तारा आणि ट्रान्सड्यूसरची केबल एकत्र बांधू नका. केबल लांब झाली म्हणून कापू नका, मोठं वेटोळं करून ठेवा. मोटार बंद केल्यावर आकडे सुधारले तर एक तर वीज, नाहीतर बुडबुडे. मोटार होडीतच, पाण्याबाहेर क्षणभर चालवून पाहा: तरीही आकडे बिघडले तर वीज, न बिघडले तर बुडबुडे.

बुडबुडे म्हणजे सोनारचा शत्रू. पाणी आणि हवा यांच्या सीमेवर ध्वनी जवळजवळ सगळाच परत फिरतो, म्हणून ट्रान्सड्यूसरच्या तोंडावर हवेचा पातळ थर बसला तरी काम थांबतं. पाण्यात सोडण्यापूर्वी तोंड भांडी घासायच्या पातळ साबणाने पुसा. ट्रान्सड्यूसर होडीच्या मध्यावर, बाजूला उभ्या लावलेल्या ॲल्युमिनियमच्या नळीवर बसवा. तोंड पाण्याखाली १५ ते २० सेंटिमीटर. मागे पंख्याजवळ नको. होडीच्या तळातून आरपार मारायचं असेल तर भरीव फायबरग्लासमधून, बुडबुडे न ठेवता इपॉक्सीने चिकटवून चालतं. लाकूड किंवा फोम मध्ये असेल तर चालत नाही. नळी इतकी घट्ट हवी की हाताने ढकलली तरी कलणार नाही. १० अंश कलली तर १० मीटरवर झोताचा मध्य पावणेदोन मीटर बाजूला जातो.

जीपीएसचा अँटेना त्याच नळीच्या वरच्या टोकाला, ट्रान्सड्यूसरच्या बरोबर डोक्यावर लावा. पेटीत जागा आहे म्हणून अँटेना पेटीत, पेटी मागे आणि ट्रान्सड्यूसर पुढे, असं केलंत तर दोन मीटरची चूक फुकट विकत घेतलीत.

आता वेळेचा उशीर, ज्याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. सोनार आतल्या आत आकडे सरासरून मग पाठवतो, जीपीएसही थोडं मागे असतं. सोनारमधली स्मूदिंग किंवा डॅम्पिंग आधी बंद करा. लॉगरमध्ये ‘शेवटचं स्थान आणि शेवटची खोली’ अशी जोडी लावू नका. प्रत्येक वाक्य आलं त्या क्षणाची मिलिसेकंद वेळ लिहा आणि खोलीच्या क्षणीचं स्थान नंतर दोन स्थानांच्या मधून काढा.

तरीही उरलेला उशीर मोजावा लागतोच. एकसारखा उतार असलेली जागा शोधा आणि तिथून एकाच रेषेत जाऊन परत या, वेग कायम ठेवून. समजा वेग सेकंदाला १.२ मीटर आहे. जाताना आणि येताना ४ मीटर खोलीची जागा नकाशावर एकमेकींपासून ३ मीटर दूर दिसली, तर उशीर ३ भागिले २.४, म्हणजे १.२५ सेकंद. सगळ्या खोल्यांच्या वेळेतून तेवढा वजा करा आणि दोन्ही रेषा पुन्हा काढा. उतार एकमेकांवर बसले पाहिजेत. हे केलं नाही तर समखोली रेषा करवतीच्या दात्यांसारख्या वाकड्यातिकड्या येतात, कारण शेजारशेजारच्या रेषा उलट दिशांनी चाललेल्या असतात. असे दाते दिसले की लोक नकाशा गुळगुळीत करायला लागतात. तो उपाय नव्हे, झाकपाक आहे.

पुढची पायरी प्लेटची तपासणी. सुमारे ३० सेंटिमीटर बाजूची जाड पत्र्याची चौकोनी प्लेट, चार कोपऱ्यांना दोऱ्या आणि त्यांना पृष्ठभागापासून १, २, ३ आणि ५ मीटरवर खुणा. दोरी नायलॉनची नको, भिजल्यावर ती ताणते. पॉलिस्टरची किंवा बारीक साखळी घ्या. वारा नसताना, प्लेटपेक्षा तळ बराच खोल असेल अशा जागी, ट्रान्सड्यूसरच्या थेट खाली प्लेट सोडा आणि प्रत्येक खुणेला ३०-४० आकडे नोंदवा. खरी खोली आणि सोनारचा आकडा यांतला फरक सगळीकडे सारखाच असेल, समजा १८ सेंटिमीटर, तर तो ट्रान्सड्यूसर पाण्याखाली किती आहे त्याचा ऑफसेट. फरक खोलीबरोबर वाढत असेल तर ध्वनीचा वेग चुकलाय.

बहुतेक फिशफाइंडर वेग सेकंदाला १५०० मीटर धरून चालतात. गोड्या पाण्यात १० अंश सेल्सिअसला तो १४४७, १५ ला १४६६, २० ला १४८२, २५ ला १४९७ आणि ३० ला १५०९ असतो. म्हणजे २५ अंशांच्या आसपास दुरुस्ती नगण्य, पण १० अंशांच्या पाण्यात खऱ्या १० मीटरचे १०.३६ दिसतील. दुरुस्ती सोपी: दिसलेली खोली गुणिले खरा वेग, भागिले १५००, मग ऑफसेट मिळवा. क्रम उलटा करू नका. उन्हाळ्यात वरचं पाणी गरम आणि तळाचं थंड असतं. दोरीला थर्मामीटर बांधून दोन-तीन खोल्यांवरचं तापमान घ्या आणि सरासरी वापरा.

मोजणीच्या दिवशी पहिलं काम पाण्याच्या पातळीचं. काठावरच्या न हलणाऱ्या खडकावर किंवा काँक्रीटवर खूण करा आणि खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर सुरुवातीला आणि शेवटी मोजा. ही नोंद नसेल तर पुढच्या वर्षीचा नकाशा या वर्षीच्या नकाशाशी तुलना करायच्या लायकीचा राहत नाही.

रेषा काठाला काटकोनात, म्हणजे उताराच्या दिशेने मारा. ४०० बाय ३०० मीटरच्या तलावावर २० मीटर अंतराने ३०० मीटरच्या साधारण वीस रेषा होतात, एकूण ६ किलोमीटर. सेकंदाला १.२ मीटर वेगाने दीड तासाच्या आत. वळणं आणि आडव्या रेषा धरून अडीच तास. त्याहून जोरात गेलात तर बुडबुडे वाढतात. मग तीन-चार रेषा पहिल्या रेषांना छेदून न्या. छेदाच्या जागी दोन्ही वेळच्या खोल्या जुळतात का, हीच कामाची खरी परीक्षा. सपाट तळावर फरक १० सेंटिमीटरच्या आत हवा. फक्त उतारावर फरक पडत असेल तर गुन्हेगार स्थान, उशीर किंवा झोत. होडीत दोघं असा, लाइफ जॅकेट घाला, आणि तलाव ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगी आधी घ्या.

काठाजवळच्या अर्ध्या-पाऊण मीटर पाण्यात सोनार निरुपयोगी. तिथे प्रतिध्वनी तळ आणि पृष्ठभाग यांच्यात दोनदा फिरून येतो आणि ०.५ च्या जागी १.० दिसतो, किंवा आकडाच येत नाही. तो पट्टा खुणा केलेल्या काठीने मोजा. काठीच्या टोकाला १५ सेंटिमीटरची चकती लावा, नाहीतर ती गाळात रुतते आणि खोली फुगते. हीच काठी आणखी एक गोष्ट सांगते: सोनार २.१ म्हणत असताना काठी २.६ ला टेकली, तर सोनार पाणवनस्पतींच्या शेंड्यांवरून किंवा मऊ गाळाच्या वरच्या थरावरून परततोय. २०० किलोहर्ट्झ गाळात फारसा शिरत नाही. गाळाखालचा कठीण तळ हवा असेल तर ५० किलोहर्ट्झ किंवा त्याखालची वारंवारता लागते, आणि तो वेगळ्या बजेटचा विषय आहे. वनस्पती दाट असतील तर त्या वाळून खाली बसण्याच्या हंगामात मोजा.

डेटा साफ करताना सरासरी नको, मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) वापरा. ३.१, ३.१, ६.२, ३.०, ३.१ या पाच आकड्यांत ६.२ हा दुहेरी प्रतिध्वनी आहे. सरासरी ३.७ येते, मध्यक ३.१. पाच किंवा सात आकड्यांची खिडकी पुरे. त्यानंतर प्रत्येक रेषेचा उभा छेद डोळ्यांनी पाहाच. एखादा मोठा मासा आणि खरा खडक यांतला फरक फिल्टरला कळत नाही, शेजारची रेषा पाहून माणसाला कळतो.

नकाशासाठी क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. बिंदू आणल्यावर लगेच यूटीएममध्ये (मीटरमध्ये मोजणारी नकाशा-पद्धत) बदला. अंश-मिनिटांवर अंतराचं गणित करू नका. काठाची रेषा त्याच दिवशी जीपीएस घेऊन चालून काढा आणि दर पाच मीटरला शून्य खोलीचा बिंदू ठेवा. उपग्रह चित्रावरून काठ घेतलात तर त्या दिवशीची पाणीपातळी वेगळी असते, आणि उथळ काठाच्या तलावात काठ सहज दहा-वीस मीटर सरकलेला असतो. मधल्या जागांचे आकडे भरून काढायला टीआयएन पद्धत (बिंदू त्रिकोणांनी जोडणारी) आधी वापरून पाहा. आयडीडब्ल्यू पद्धत (जवळच्या बिंदूला जास्त वजन देऊन सरासरी काढणारी) या प्रकारच्या डेटावर मार्गांच्या कडेने बैलाच्या डोळ्यांसारखी वर्तुळं उठवते, कारण बिंदू मार्गावर ६० सेंटिमीटरवर आणि मार्गांमध्ये २० मीटरवर आहेत. टीआयएनचीही खोड आहे: अरुंद खाडीसारख्या भागात तिन्ही कोपरे काठावर पडले की तो त्रिकोण शून्य खोलीचा सपाट होतो. तिथे मधोमध एखादी रेषा जास्तीची मारलेली असली की प्रश्न मिटतो. नकाशाच्या जाळीची चौकट ५ मीटरची ठेवा. एकूण चूक १५-२० सेंटिमीटर असताना २५ सेंटिमीटरच्या समखोली रेषा काढू नका, अर्ध्या मीटरच्या काढा.

तलाव दोन हेक्टरपेक्षा लहान आणि चार मीटरपेक्षा उथळ असेल तर हे सगळं करूच नका. काठी, चकतीचं वजन लावलेली दोरी, फोनचं जीपीएस आणि शंभरेक बिंदू. एका सकाळीत नकाशा तयार होतो, आणि गाळाचा अंदाज वर मिळतो.

रिमोटच्या होडीचा विचार असेल तर आधी साध्या होडीवर, नळीला बांधून हीच जुळणी चालवा. आर्डुपायलट या स्वयंचलित वाहनांच्या मोफत सॉफ्टवेअरची होडीसाठीची आवृत्ती एनएमईए सोनार थेट वाचते आणि खोली स्थानासह नोंदवते, म्हणजे वेगळा लॉगर वाचतो. पण ऑफसेट, उशीर आणि प्लेटची तपासणी तिथेही तशीच करावी लागते. साठा काढून झाला की आकड्याशेजारी तारीख आणि खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर लिहून ठेवा. पातळी १० सेंटिमीटर बदलली तरी १२ हेक्टरवर १२,००० घनमीटरचा फरक पडतो.